‘आवडला नाही’ आणि ‘वाईट आहे’: चित्रपटावरच्या ऑनलाइन वादात कारण कधी द्यावे लागते?

एखादा चित्रपट शुक्रवारी प्रदर्शित होतो आणि शनिवारी सकाळपर्यंत नागपुरातील शाळासोबत्यांच्या, कार्यालयांच्या, वसाहतींच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर त्याचा निकाल लागूनही गेलेला असतो. कुणी ‘पैसे वाया गेले’ असे लिहितो, कुणी ‘बकवास’ एवढाच एक शब्द टाकतो, आणि ज्याला तो चित्रपट मनापासून आवडलेला असतो तो विचारतो, ‘‘काऊन? काय नाही आवडलं?’’ उत्तर येते, ‘‘नाही आवडला म्हणजे नाही आवडला. आता याचंही कारण द्यायचं का?’’ त्यानंतर संदेशांची जी रांग लागते तिच्यात चित्रपट हळूहळू मागे पडतो आणि सिनेमा कोणाला कळतो, कोण कोणत्या नटाचा चाहता आहे, कोण कोणत्या पक्षाला मत देतो, अशा गोष्टींवर वाद येऊन ठेपतो. दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते. एकाला वाटते की आपल्या साध्या मताची उलटतपासणी चालली आहे. दुसऱ्याला वाटते की आपल्याला जे मोलाचे वाटले ते एका शब्दात धुडकावले गेले.

माझ्या मते दोघांचीही तक्रार खरी असते. नापसंतीचे कारण देणे बंधनकारक आहे का, या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. नापसंती कोणत्या वाक्यात मांडली गेली यावर ते अवलंबून असते. बहुतेक भांडणांत हे वाक्य मध्येच केव्हातरी बदललेले असते आणि ते बदलल्याचे कोणाच्याच ध्यानात आलेले नसते.

वाक्य कुठे बदलते

‘मला हा चित्रपट आवडला नाही’ हे वाक्य वरकरणी चित्रपटाविषयी असले तरी प्रत्यक्षात ते बोलणाऱ्याविषयी आहे. चित्रपटगृहात बसलेल्या एका माणसाच्या मनाचे काय झाले, याची ती बातमी आहे, आणि त्या बातमीचा त्याच्याहून अधिक विश्वासार्ह साक्षीदार जगात दुसरा नाही. या वाक्याला पुरावा मागणे म्हणजे डोके दुखते म्हणणाऱ्याकडे पुरावा मागणे होय. ‘हा चित्रपट वाईट आहे’ हे वाक्य मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते पडद्यावर जे आहे त्याविषयी काही सांगते, आणि ज्याने तो पाहिला त्या प्रत्येकाने ते मान्य करावे अशी अपेक्षाही त्यात दडलेली असते. ‘हा चित्रपट पाहू नका’ हा त्यापुढचा टप्पा आहे, कारण तेथे दुसऱ्याचा वेळ आणि पैसा यांविषयी सल्ला दिला जातो. आणि ‘ज्यांना हा आवडला त्यांना अक्कल नाही’ येथे पोहोचल्यावर विषय चित्रपट राहतच नाही.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी 1790 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात नेमका हाच भेद सांगितला होता. एखादी मदिरा छान आहे असे कुणी म्हणाला आणि दुसऱ्याने त्याला ‘तुम्हाला छान वाटते, असे म्हणा’ अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती आनंदाने मान्य करतो, असे कान्ट म्हणतात. परंतु एखादी कलाकृती सुंदर आहे असे म्हणणारा माणूस ‘माझ्यापुरती सुंदर’ असे म्हणून थांबत नाही. तो जणू सर्वांच्या वतीने बोलतो आणि इतरांची सहमती गृहीत धरतो. म्हणून रुचीच्या बाबतीत एकीकडे ‘ज्याची त्याची आवड’ असेही म्हटले जाते आणि दुसरीकडे लोक रात्र रात्र भांडतातही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या प्रकारच्या विधानांना लागू होतात.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो की पहिल्या वाक्याला कारण लागत नाही, दुसऱ्याला लागते, तिसऱ्याला अधिक लागते आणि चौथे वाक्य कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. एक सवलत मात्र ऐकणाऱ्याने द्यायला हवी. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘बंडल आहे’, ‘फालतू आहे’ हे शब्द पुष्कळदा ‘मला आवडला नाही’ एवढ्याच अर्थाने, फक्त मोठ्या आवाजात उच्चारलेले असतात. समोरासमोर बसून कुणी असे म्हणाला तर त्याच्या चेहऱ्यावरून ते कळते. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो, म्हणून तोच शब्द न्यायाधीशाने दिलेल्या निकालासारखा वाचला जातो. तेव्हा वाद सुरू करण्यापूर्वी ‘तुम्हाला तो आवडला नाही की तो वाईट आहे असे तुमचे म्हणणे आहे?’ एवढे विचारून घेतले तरी अर्धी भांडणे सुरूच होणार नाहीत.

कायद्याने आखलेली रेषा

या भेदाला कायद्यातही स्थान आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असते. भारतीय दंड संहितेत 1860 पासून बदनामीच्या कलमाला, म्हणजे कलम 499 ला, काही अपवाद जोडलेले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये ते कायम आहेत. त्यांतील सहावा अपवाद असा की ज्याने आपली कृती लोकांच्या परीक्षणासाठी स्वतःहून पुढे ठेवली आहे, त्या कृतीच्या गुणावगुणांविषयी प्रामाणिक हेतूने व्यक्त केलेले मत ही बदनामी ठरत नाही. पुस्तक प्रसिद्ध करणारा लेखक आणि रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपली कृती लोकांसमोर परीक्षणासाठी ठेवतात, असे तेथील उदाहरणांतच म्हटले आहे.

पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. एखाद्याने म्हटले, ‘अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, तो दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे’, तर त्याला अपवादाचे संरक्षण मिळते, कारण लेखकाविषयीचे हे मत पुस्तकात जे दिसते त्यावरूनच आणि तेवढ्यापुरतेच बनवलेले आहे. पण तोच माणूस ‘अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे याचे मला नवल वाटत नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि दुराचारी आहे’ असे म्हणाला, तर संरक्षण मिळत नाही; येथे मत पुस्तकावर आधारलेले नसून माणसाविषयीच्या आधीच्या समजुतीवर आधारलेले आहे. दोन्ही विधाने जवळजवळ सारखीच कठोर आहेत. फरक फक्त विचाराच्या दिशेचा आहे. पहिल्यात माणूस कृतीकडून कर्त्याकडे जातो, दुसऱ्यात कर्त्याकडून कृतीकडे येतो.

चित्रपटाविषयीचे जे मत वाचून आपण अस्वस्थ होतो, त्याची दिशा या कसोटीवर तपासून पाहावी. ‘या दिग्दर्शकाकडून आणखी काय अपेक्षा करणार’, ‘हा नट असला की चित्रपट असाच असणार’, ‘ती मंडळी एकमेकांचीच पाठ खाजवतात’ अशी वाक्ये चित्रपट न पाहताही लिहिता येतात. जे वाक्य चित्रपट न पाहता लिहिता येते ते चित्रपटाचे परीक्षण नसते, मग त्याच्या खाली किती का अंगठे उमटलेले असोत. येथे कायद्याचा उल्लेख धाक म्हणून केलेला नाही. कठोर मत आणि आकस यांत फरक करण्याची स्पष्ट रीत मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे, म्हणून तो केला.

कारण आपल्याला ठाऊक असते का?

आता कारण मागणाऱ्याला अडचणीत टाकणारी गोष्ट. नापसंतीचे कारण विचारले की बहुतेक माणसे काहीतरी उत्तर देतात. पण ते उत्तर खरे कारणच असेल याची खात्री देता येत नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात असा प्रयोग दिला आहे की दुकानात आलेल्या लोकांसमोर मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले आणि त्यांतील सर्वांत चांगला निवडायला सांगितले. चारही जोड हुबेहूब सारखे होते. लोकांनी उजवीकडचे जोड अधिक वेळा निवडले आणि कारण विचारल्यावर वीण, पोत, तलमपणा अशी कारणे दिली. वस्तू कोणत्या जागी ठेवली होती, हे कारण कोणीच सांगितले नाही. ही माणसे खोटे बोलत नव्हती. मनात निवड आधी झाली होती आणि विचारल्यावर बुद्धीने तिला शोभेल असे कारण शोधून दिले.

याच विल्सन यांनी सहकाऱ्यांसह 1993 साली प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळ जातो. विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची काही मोठी चित्रे दाखवून त्यांतले एक घरी नेण्यास सांगितले. काहींना निवडण्यापूर्वी आपल्या आवडी-नावडीची कारणे लिहून काढावी लागली, काहींना नाही. काही आठवड्यांनी विचारले तेव्हा कारणे लिहून निवड करणारे आपल्या चित्राबाबत कमी समाधानी होते. शब्दांत सहज सांगता येणारी कारणे वेगळी आणि आपल्याला खरोखर हलवणारी कारणे वेगळी, आणि कारण मागितले की पहिली दुसऱ्यांची जागा बळकावतात, असा याचा अर्थ लावला जातो.

समूहातल्या वादात नेमके हेच घडते. ‘काऊन?’ असा प्रश्न शंभर जणांसमोर आल्यावर माणसाला चार सेकंदांत काहीतरी उत्तर द्यावे लागते, म्हणून तो हाताशी असलेले तयार वाक्य उचलतो: कथेत दम नाही, लांबी जास्त आहे, संगीत जमले नाही. समोरचा लगेच ते खोडून काढतो, कारण ते मुळात खरे कारण नव्हतेच आणि म्हणून दुबळे होते. कारण पडले, पण नापसंती तशीच राहिली. मग दुसरे कारण पुढे येते. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क आणि वादविवाद यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, पराभवाच्या ज्या बावीस जागा सांगितल्या आहेत त्यांत ‘हेत्वंतर’, म्हणजे पहिले कारण अडचणीत आल्यावर कारण बदलणे, ही एक आहे. ऑनलाइन वादात हेत्वंतर करणाऱ्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप होतो, पण पुष्कळदा तो अप्रामाणिक नसतो, केवळ घाईत असतो.

शिवाय गप्प राहण्याची काही सरळ, सभ्य कारणेही असतात. पहिल्या दोन दिवसांत माणूस कारण सांगत नाही, कारण ते कारण चित्रपटाच्या शेवटात असते आणि इतरांचा रसभंग त्याला करायचा नसतो. कधी कारण खासगी असते. ज्या घराने यवतमाळच्या एखाद्या गावात कर्जापायी आपला कर्ता माणूस गमावला आहे, त्या घरातल्या मुलीला शेतकरी आत्महत्येवरचा चित्रपट ‘नाही आवडला’ आणि ती त्यापुढे काही बोलत नाही, तेव्हा तिच्याकडे समूहात कारण मागत राहणे हे क्रौर्य आहे. समोरच्या माणसाच्या ‘असंच’ या उत्तरामागे काय आहे हे आपल्याला दिसत नसते, म्हणून ‘मला आवडला नाही’ या वाक्याला मिळालेले अभय हे केवळ तर्काचे नव्हे, तर माणुसकीचेही आहे असे मी मानतो.

हजार वर्षांपूर्वीची यादी

मग ज्याला स्वतःच्या नापसंतीचे खरे कारण शोधायचे आहे त्याने काय करावे? येथे आपल्याच परंपरेत एक असे साधन आहे की ज्याचा उपयोग आज कोणी करताना दिसत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिणारे काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त, ज्यांचा काळ दहाव्या-अकराव्या शतकाचा, त्यांनी प्रेक्षकाला रसाचा अनुभव येण्याच्या आड काय येते याचा विचार करून सात विघ्ने सांगितली. ती नाटकासाठी सांगितलेली असली तरी चित्रपटाला जशीच्या तशी लावून पाहता येतात.

पहिले विघ्न असंभाव्यतेचे आहे: समोर जे चालले आहे ते शक्यच नाही असे वाटले की मन आत शिरत नाही. नागपूरकरांना याचा अनुभव भाषेवरून येतो. इतवारीतल्या दुकानदाराच्या तोंडी पुण्याची प्रमाणभाषा घातली, किंवा हसू यावे एवढ्याचसाठी प्रत्येक वाक्याला ‘बाप्पा’ आणि ‘करून राह्यला’ चिकटवले, की विदर्भातला प्रेक्षक त्या क्षणी चित्रपटातून बाहेर पडतो. मुंबईचा प्रेक्षक तेथेच खुशाल बसून राहतो. दोघेही प्रामाणिक असतात. दुसरे विघ्न असे की पाहणारा समोरच्या सुखदुःखाला आपले स्वतःचे किंवा अमुक एका व्यक्तीचे म्हणून पाहू लागतो, त्याला त्या प्रसंगाच्या देशकालापलीकडे जाता येत नाही. तिसरे विघ्न म्हणजे प्रेक्षकाने घरून आणलेले सुखदुःख. बँकेतून आलेला चिंतेचा दूरध्वनी मनात घोळत असताना, किंवा नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून येऊन वातानुकूलन बंद असलेल्या सभागृहात बसल्यावर, चांगला विनोदही पोचत नाही. वर सांगितलेल्या मुलीची नापसंती या दुसऱ्या आणि तिसऱ्या विघ्नांच्या सीमेवरची आहे.

चौथे आणि पाचवे विघ्न प्रतीतीची, म्हणजे समोरचे जाणवून घेण्याची, साधने अपुरी असण्याचे आणि स्पष्टता नसण्याचे आहे. आजच्या काळात याचा विचार फारच कमी होतो. मोठ्या पडद्यासाठी रचलेली दृश्ये कुणी बसमध्ये भ्रमणध्वनीवर, अर्ध्या आवाजात, मध्येमध्ये संदेश वाचत पाहतो आणि ‘संथ आहे’ असे लिहून टाकतो. संथ चित्रपट आणि तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला चित्रपट यांचा अनुभव बराच सारखा असतो, म्हणून कुठे आणि कसा पाहिला हे सांगितल्याशिवाय ‘संथ’ या शेऱ्याला फारसा अर्थ नाही. सहावे विघ्न मला सर्वांत उपयोगी वाटते: गौण गोष्टीला मुख्य गोष्टीची जागा मिळणे. नायकाच्या प्रवेशाची तयारी, गाण्यांसाठी ओढूनताणून नेलेली परदेशवारी, तंत्राचे प्रदर्शन, किंवा लेखकाला द्यायचा असलेला संदेश यांनी माणसांच्या गोष्टीला कोपऱ्यात ढकलले की प्रेक्षकाला नेमके काय खटकले हे सांगता येत नाही, पण खटकते हे निश्चित. ‘सगळं चांगलं होतं, तरी मजा नाही आली’ या वाक्याच्या मागे बहुधा हेच विघ्न असते. सातवे विघ्न संशयाचे आहे, म्हणजे समोरच्या पात्राच्या अश्रूंचा अर्थ काय घ्यायचा हेच न कळणे.

या यादीचे मोठेपण असे की तिच्यात दोष एकाच्याच पदरात टाकलेला नाही. काही विघ्ने कृतीची आहेत, काही सादरीकरणाच्या साधनांची आणि काही सरळसरळ प्रेक्षकाची. आपले कारण पहिल्या किंवा सहाव्या विघ्नात बसत असेल तर ‘चित्रपट वाईट आहे’ असे म्हणण्याला आधार मिळतो. तिसऱ्या किंवा चौथ्यात बसत असेल तर ‘मला आवडला नाही’ येथेच थांबणे योग्य. स्वतः भरतमुनींनीही प्रेक्षकांविषयी लिहिताना तरुण एका गोष्टीवर संतुष्ट होतात, वृद्ध दुसऱ्या, शूर तिसऱ्या, असे नोंदवले आहे, आणि प्रयोगाचे परीक्षण करताना त्या त्या विषयाच्या जाणकाराचे मत घ्यावे असे सुचवले आहे: नृत्याबाबत नर्तकाचे, छंदाबाबत छंद जाणणाऱ्याचे, शस्त्रांबाबत शस्त्र जाणणाऱ्याचे. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला चित्रपटातला अतिदक्षता विभाग खोटा वाटला, तर तिच्या त्या एका वाक्याला दहा सर्वसाधारण शेऱ्यांपेक्षा अधिक वजन आहे.

गर्दीचे मत

आपली नापसंती आपली स्वतःची आहे का, हाही प्रश्न विचारावाच लागतो. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14 हजारांहून अधिक लोकांना इंटरनेटवर अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी कोणती गाणी उतरवून (डाउनलोड करून) घेतली ते दिसत नव्हते. काहींना दिसत होते, आणि या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे आठ वेगवेगळे गट केले होते. गाणी तीच असूनही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी सुमार क्वचितच शिखरावर पोचली, पण मधल्या बहुसंख्य गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. बहुतेक चित्रपट या मधल्या पट्ट्यातलेच असतात. त्यांच्याबाबत शनिवारी सकाळी पहिला संदेश कुणी टाकला, यावर समूहाचे मत ठरू शकते.

नागपूरजवळच्या रामटेकशी ज्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे त्या कालिदासाने हे फार पूर्वी ओळखले होते. जुने आहे म्हणून सारेच चांगले नसते आणि नवे आहे म्हणून काव्य निंद्य ठरत नाही. जाणते स्वतः पारखून निवडतात आणि मूढाची बुद्धी दुसऱ्याच्या विश्वासाने चालते, असे त्याच्या नाटकातला सूत्रधार आपल्या साथीदाराला सुनावतो.

गर्दीच्या मताचे एक अधिक कडवट रूप आहे. काही चित्रपटांभोवती जात, धर्म, प्रदेश किंवा राजकारण यांचे वाद आधीच पेटलेले असतात, आणि मग चित्रपट न पाहिलेले लोकही दहापैकी एक गुण देऊन जातात किंवा न पाहताच दहापैकी दहा देतात. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबती निघतात आणि ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत शहर आपली सगळी दुखणी त्या पुतळ्यांवर सोपवते. अशा वेळी चित्रपटाची अगदी मारबत झालेली असते. पण त्या मिरवणुकीतल्या बडग्यांवर, म्हणजे मारबतींसोबत निघणाऱ्या पुतळ्यांवरसुद्धा, तक्रार काय आहे ते लिहिलेले असते: महागाई, भ्रष्टाचार, अमुक धोरण. पाहणाऱ्याला कळते की राग कशावर आहे. कारण न देता दिलेल्या एका ताऱ्यावर एवढेही लिहिलेले नसते. चित्रपटाच्या भूमिकेवर आक्षेप असणे हे पूर्णपणे रास्त कारण आहे, माझ्या दृष्टीने कधी कधी सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. फक्त ते ‘छायाचित्रण जमले नाही’ या पांघरुणाखाली न लपवता, ‘या चित्रपटात आमच्या वस्तीतल्या माणसांना गुन्हेगार म्हणूनच दाखवले आहे’ असे उघड सांगावे, म्हणजे त्यावर बोलता येते.

कारणाने काय साधते

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी केलेली. ‘मला आवडला नाही’ म्हणून गप्प बसणारा माणूस वितंडा करत नाही, कारण तो चर्चेत उतरलेलाच नाही. मात्र ‘आवडला’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या संदेशाखाली जाऊन ‘यात आवडण्यासारखं काय होतं?’ असे विचारणारा आणि स्वतःची बाजू विचारली की ‘माझी मर्जी’ म्हणणारा माणूस वितंडाच करतो. न बोलण्याचा हक्क आणि बोलत राहून कारण न देण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला प्रत्येकाला आहे. दुसरा कोणालाही नाही.

कारण द्यायचे ठरवले तर ते कसे असावे? न्यायशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण पर्वतावरच्या धुराचे आहे: धूर दिसतो, जेथे धूर तेथे अग्नी, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. चित्रपटाबाबत असा सार्वत्रिक नियम सापडत नाही. ‘जेथे वेग तेथे गुण’ असे म्हणता येत नाही, कारण वेगवान चित्रपट भिकार असतात आणि संथ चित्रपट थोर असतात. म्हणून ‘तू दिलेल्या कारणाने तो वाईट ठरत नाही’ हा प्रतिवाद नेहमीच करता येतो आणि म्हणूनच तो निरर्थक आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ अर्नोल्ड आयझेनबर्ग यांनी 1949 साली लिहिलेल्या निबंधात याचे उत्तर दिले होते: समीक्षकाचे कारण सिद्ध करत नाही, ते दाखवते. ते ऐकणाऱ्याची नजर एका विशिष्ट जागेकडे वळवते, आणि तेथे ऐकणाऱ्यालाही तेच दिसले तर काम झाले. दिसले नाही तर वाद घालून ते दाखवता येत नाही. ‘पटकथा कमकुवत आहे’ या वाक्याने नजर कुठेच वळत नाही. ‘मध्यंतरानंतर आईला एकही प्रसंग मिळत नाही, आणि शेवटी तिच्या माफीवर सगळी गोष्ट उभी आहे’ हे वाक्य ऐकल्यावर मात्र ज्याला चित्रपट आवडला तोही क्षणभर थांबतो.

यावरून विचारण्याची रीतही बदलावी असे मला वाटते. ‘का आवडला नाही?’ या प्रश्नाने माणूस समर्थन शोधू लागतो आणि मोज्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखे मिळेल ते कारण देतो. त्याऐवजी ‘मन कुठे उडालं?’ असे विचारावे. याचे उत्तर आठवणीतून येते, बुद्धीने रचावे लागत नाही. पहिल्या गाण्यात, बापलेकाच्या भांडणात, तो न्यायालयातला प्रसंग सुरू झाल्यावर, असे स्थळ माणूस सहज सांगतो, आणि स्थळ कळले की कारण बहुधा दोघांना मिळून सापडते. प्रश्न शंभर जणांच्या समूहात न विचारता त्या एकट्याला विचारला तर आणखी बरे.

ज्याला चित्रपट आवडला आहे त्याच्यावरही एक जबाबदारी येते, ती अशी की त्याने प्रत्येक नापसंतीचा पाठलाग करू नये. विदर्भातल्या पद्मपूरचा संस्कृत नाटककार भवभूती आपली अवज्ञा करणाऱ्यांकडे कारणे मागत बसला नाही. हा प्रयत्न त्यांच्यासाठी नाही, काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, माझा समानधर्मा कधीतरी जन्मेल, असे सांगून तो मोकळा झाला. ‘एवढं कळतं तर तूच करून दाखव’ हे उत्तर तर कधीच देऊ नये. चित्रपट पाहणाऱ्यासाठी केलेला असतो आणि पाहणाऱ्याचे मत हे पाहणाऱ्याचेच मत म्हणून ऐकायचे असते. ‘एवढ्या कोटींचा धंदा केला, तो काय उगाच?’ या उत्तराने तिकिटे किती विकली गेली ते कळते. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला बाहेर येताना काय वाटले ते त्यातून कळत नाही.

समजा, एका घरच्या समूहात मानेवाड्याच्या काकांना एक चित्रपट फार आवडला आणि त्यांच्या पुतणीने ‘मला नाही आवडला’ असे लिहिले. काकांनी तिला वेगळा दूरध्वनी करून विचारले, ‘‘बेटा, तुझं मन कुठं उडालं?’’ तिने आईच्या त्या गायब झालेल्या प्रसंगांविषयी सांगितले. काका म्हणाले, ‘‘हे माह्या ध्यानातच नाही आलं. बरोबर आहे तुझं. पण मले तो बाप पाहून आपले आबा आठवले, म्हणून मले आवडला.’’ तिने आबांना पाहिलेले नव्हते. येथे कोणीही हरलेले नाही आणि मतही बदललेले नाही. तिचा आक्षेप चित्रपटाविषयीचा आहे आणि काकांनी तो मान्य केला आहे. काकांची आवड त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आली आहे आणि तिला पुतणीच्या संमतीची गरज नाही. अशा ठिकाणी वाद संपला असे दोघांनीही समजावे आणि समूहावर त्याचा निकाल जाहीर करण्याची आवश्यकता नाही.